अध्ययनशैलीचा शिक्का आणि विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान

शिक्षणशास्त्राच्या वर्गात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याकडून पहिल्या आठवड्यातच एक छोटी नोंद लिहून घेण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी रुळली आहे. या नोंदीचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिल्या भागात विद्यार्थ्याने आपली तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी सांगायची असते: संगणक केव्हा हाताळला, हातात मोबाइल केव्हापासून आहे, कोणकोणती साधने वापरता येतात. दुसऱ्या भागात आपली अध्ययनशैली सांगायची असते: आपण पाहून शिकतो, ऐकून शिकतो, वाचून-लिहून शिकतो, की प्रत्यक्ष हाताने करून शिकतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्या आराखड्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन आणि स्वतःला समजून घेणे असे दोन स्वतंत्र घटक आले. त्यामुळे अशा नोंदीला अभ्यासक्रमातच जागा मिळाली.

मी साहित्याची अभ्यासक. महाविद्यालयात मराठी शिकवते आणि गेली काही वर्षे बी.एड.च्या विद्यार्थ्यांचे मराठी अध्यापनपद्धतीचे तासही घेते. या निमित्ताने अशा नोंदी वर्षानुवर्षे वाचनात येतात. त्या वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. नोंदीचा पहिला भाग शिक्षकाला फार उपयोगी पडतो, पण तो फार त्रोटक असतो. दुसरा भाग विद्यार्थी मोठ्या खात्रीने लिहितात, पण तो शिक्षकाला आणि विद्यार्थ्यालाही चुकीच्या वाटेने नेतो. दोन्ही भागांमध्ये एक प्रश्न मात्र विचारायचाच राहून जातो: हे सारे तुम्ही कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत शिकलात? आपल्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, हे या लेखात मांडायचे आहे.

केलगेरीच्या वाटेवरचा विद्यार्थी

केलगेरी हे धारवाडच्या पश्चिमेचे तळ्याकाठचे जुने गाव. आता ते महापालिकेच्या परिसरात मोडते. अळणावर, रामनगरवरून गोव्याकडे जाणारा रस्ता इथूनच पुढे जातो. या रस्त्याच्या आजूबाजूला, म्हणजे अळणावर, हल्याळ, खानापूर या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांची मुले शिकायला धारवाडला येतात. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात आले. राज्य बदलले तरी घरातली भाषा, बाजारातली भाषा आणि वर्गातली भाषा वेगवेगळी असणे हे इथे पूर्वीपासून चालत आले आहे.

याची दोन मोठी उदाहरणे प्रत्येक वाचकाला माहीत आहेत. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी; ते कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले. जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत मराठी कथा लिहिली. एका भाषेत जगणे, दुसरीत शिकवणे आणि तिसरीत लिहिणे ही इथली साधी वस्तुस्थिती आहे. माझ्या वर्गातला विद्यार्थी याच परंपरेतला आहे. फरक एवढाच की त्याच्या हातात आता मोबाइल आहे आणि त्या मोबाइलचा कळफलकही कुठल्या तरी एकाच लिपीत आधी उघडतो.

मराठी अध्यापनपद्धती घेणारे विद्यार्थी ढोबळमानाने तीन वाटांनी येतात. पहिली वाट मराठी माध्यमाच्या शाळेची. कर्नाटकात मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके राज्याच्या यंत्रणेमार्फतच निघतात. खानापूर-बेळगाव भागातली मुले ती वाचून दहावी होतात आणि पुढे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात. दुसरी वाट कन्नड माध्यमाची. या मुलांची मराठी घरात, कानावर आणि जिभेवर असते. देवनागरी लिपी त्यांना भेटते ती शाळेत तिसरी भाषा म्हणून शिकलेल्या हिंदीतून. तिसरी वाट इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोलता येते, पण लिहायची वेळ आली की रोमन अक्षरेच आधी सुचतात. हे तिन्ही विद्यार्थी एकाच बाकावर बसतात आणि नोंदीत तिघेही लिहितात, ‘मला मोबाइल चांगला वापरता येतो.’

‘मोबाइल येतो’ म्हणजे काय येते?

मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने २००१ मध्ये असे मांडले की, संगणकाच्या काळात जन्मलेली पिढी तंत्रज्ञानाची जणू मूळ रहिवासी आहे आणि आधीची पिढी तिथे बाहेरून येऊन राहिलेली आहे. ही कल्पना शिक्षणक्षेत्रात लोकप्रिय झाली. पुढच्या संशोधनाने तिला आधार दिला नाही. पॉल किर्शनर आणि पेड्रो दे ब्राय्केरे यांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. एका विशिष्ट वर्षानंतर जन्मले म्हणून कोणाला माहिती शोधणे, पारखणे, तिचा अभ्यासासाठी उपयोग करणे आपोआप येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. वर्गातला अनुभव हेच सांगतो. चित्रफीत शोधून पाहणे एक, आणि त्या चित्रफितीतले विधान खरे की खोटे हे तपासणे वेगळे. निरोप पाठवणे एक, आणि मराठीत दोन पाने नीट टंकून त्यांचे परिच्छेद पाडणे वेगळे.

माझ्या विद्यार्थ्यांच्या पिढीचा तंत्रज्ञानाशी जवळचा संबंध आला तो कोविडच्या काळात. २०२०-२१ मध्ये यांतले बरेचजण पदवीपूर्व वर्गांत किंवा पदवीच्या आरंभी होते. काही शाळेत होते. कर्नाटकात २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ हा उपक्रम सुरू झाला. शिक्षकांनी गावात जाऊन, देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर मुलांचे छोटे गट करून शिकवायचे, असे त्याचे स्वरूप होते. ऑक्टोबरमध्ये तो थांबवावा लागला. या काळाविषयी विद्यार्थी जे लिहितात त्यातून त्यांची खरी पार्श्वभूमी कळते. घरात फोन एक आणि भावंडे तीन. फोन वडिलांबरोबर कामावर जायचा आणि रात्री परत यायचा. टेकडीवर गेले की रेंज मिळायची. अशा विद्यार्थ्याने ‘मी २०२० पासून ऑनलाइन शिकतो’ असे लिहिले, तर त्या वाक्याचा अर्थ शहरातल्या विद्यार्थ्याच्या त्याच वाक्यापेक्षा पार वेगळा असतो.

उलट प्रकारही दिसतो. एका विद्यार्थ्याने ‘तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी: नाही’ एवढेच लिहिले होते. बोलताना कळले, की पदवीची तीन वर्षे तो सुट्टीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. फोन उघडणे, पडदा बदलणे, गेलेली माहिती परत मिळवणे हे सारे त्याला येत होते. त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून ही पार्श्वभूमी ‘लिहिण्यासारखी’ आहे असे त्याला वाटले नाही. पार्श्वभूमी म्हणजे संगणकवर्गाचे प्रमाणपत्र, अशी समजूत नोंदीचा नमुनाच करून देतो. पुढे वर्गातला प्रक्षेपक अडला की सगळे याच विद्यार्थ्याला हाक मारू लागले.

अध्ययनशैली: कल्पना आणि पुरावा

आता दुसऱ्या भागाकडे वळू. बी.एड.च्या अनेक मार्गदर्शक पुस्तकांत अध्ययनशैलीचे चार प्रकार दिलेले असतात: दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती. हे वर्गीकरण न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांचे. कॉलिन मिल्स यांच्याबरोबर त्यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि चार इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘व्हार्क’ या नावाने ओळखले जाते. याच्या आधी डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधारित अध्ययनाचे चक्र मांडताना वेगळ्या शैली सांगितल्या होत्या. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्तही बऱ्याचदा याच यादीत घातला जातो. बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गार्डनर यांनी स्वतः स्पष्ट केलेले आहे.

अशी किती वर्गीकरणे आहेत? ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शोध घेतला तेव्हा त्यांना ७१ वेगवेगळी प्रतिमाने आढळली. त्यांतली १३ त्यांनी तपशिलाने तपासली. बहुतेकांच्या चाचण्या भरवशाच्या नव्हत्या. एकाच माणसाचे ७१ प्रकारे वर्गीकरण होऊ शकते, तेव्हा वर्गीकरणाचा पायाच पक्का नाही, हे लक्षात यायला हवे.

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शैलीच्या कल्पनेत एक गृहीतक दडलेले असते. ते असे: विद्यार्थ्याच्या शैलीशी जुळणाऱ्या पद्धतीने शिकवले तर तो अधिक चांगले शिकतो. हे खरे आहे की नाही हे कसे तपासायचे? ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ असे दोन प्रकारचे विद्यार्थी घ्यायचे. प्रत्येक प्रकारातल्या निम्म्यांना चित्रांनी आणि निम्म्यांना बोलून शिकवायचे. मग सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. ‘दृश्य’ गटाला चित्रांचा जास्त लाभ झाला आणि ‘श्राव्य’ गटाला बोलण्याचा जास्त लाभ झाला, तरच गृहीतक टिकते. दोन्ही गटांना एकच पद्धत उपयोगी पडली तर शैलीने काही फरक पडला नाही असे म्हणावे लागते. हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या कसोटीवर उपलब्ध संशोधन पारखले. शैलीनुसार अध्यापनाचा पुरस्कार करावा इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. ज्या थोड्या अभ्यासांची रचना योग्य होती, त्यांतल्या काहींचे निष्कर्ष तर गृहीतकाच्या विरुद्ध होते.

याचा अर्थ माणसांना आवडीनिवडी नसतात असा नाही. कोणाला ऐकायला आवडते, कोणाला वाचायला. आवड खरी असते. पण जे आवडते त्यानेच अधिक शिकणे होते असे नाही. श्रीखंड आवडते म्हणून तेच पथ्याचे ठरत नाही.

मार्ग ठरवतो तो शिकण्याचा विषय

भाषेच्या शिक्षकाला हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. वृत्त शिकवायचे असेल तर ते ऐकलेच पाहिजे. लघु-गुरूच्या खुणा फळ्यावर कितीही काढल्या तरी चाल कानावर पडल्याशिवाय भुजंगप्रयात आणि वसंततिलका यांतला फरक कळत नाही. मग विद्यार्थी ‘दृश्य’ असो की ‘कृती’चा असो. शुद्धलेखन शिकवायचे असेल तर सर्वांनाच लिहावे लागते. ‘विद्यार्थी’ दीर्घ आणि ‘विद्यार्थिनी’तला ‘र्थि’ ऱ्हस्व, हे ऐकून पक्के होत नाही. हाताला वळण लागावे लागते. गावाचा नकाशा सर्वांनीच पाहावा लागतो. संवाद वाचायचा तर तो दोघांनी मिळून, आवाजात चढउतार आणूनच वाचावा लागतो. शिकवण्याचा मार्ग विद्यार्थ्याच्या तथाकथित प्रकारापेक्षा शिकवायच्या आशयावरून ठरतो.

शिवाय एकापेक्षा अधिक मार्गांनी शिकवले तर त्याचा लाभ बहुतेक सर्वांना होतो. रिचर्ड मेयर यांनी शब्द आणि चित्र यांच्या एकत्रित उपयोगावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि त्यांना जुळणारे चित्र यांनी आकलन सुधारते, असे ते सांगतात. मात्र चित्र विषयाशी निगडित हवे. पडद्यावर उगाच फिरणारी फुले आणि चमकणारी अक्षरे लक्ष विचलित करतात. पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधन: पीपीटी’ असे लिहून वीस रंगीत पट्ट्या दाखवणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाने हे ध्यानात ठेवावे.

शैलीच्या मागे काय लपते?

अध्ययनशैलीची चाचणी निरुपद्रवी करमणूक आहे, मग तिला विरोध कशाला, असे कोणी विचारील. विरोध यासाठी, की शिक्का लागला की खरे कारण शोधायचे राहून जाते. एका विद्यार्थिनीचे उदाहरण देते. तिने लिहिले होते, ‘मी श्राव्य प्रकारची अध्ययनार्थी आहे. वाचन मला जमत नाही. ऐकले की लगेच कळते.’ मराठीची शिक्षिका होऊ पाहणारी मुलगी हे लिहीत होती. ती धारवाडातच कन्नड माध्यमात शिकलेली. घरी मराठी. फोनवर ती मराठी कीर्तने ऐकायची, कथाकथन ऐकायची, आणि मावशीला आवाजी निरोप पाठवायची. मराठीत लिहिलेला निरोप तिने क्वचितच पाठवला असेल.

तिला मराठीचा एक उतारा वाचायला दिला. ती अडखळत, अक्षर अक्षर जोडत वाचत होती. ‘चमचा’मधला ‘च’ ती हिंदीसारखा उच्चारत होती, कारण देवनागरी तिने हिंदीतून शिकली होती. बोलताना मात्र तोच शब्द ती अगदी घरच्या उच्चाराने म्हणे. मग तेवढ्याच लांबीचा कन्नड उतारा दिला. तो तिने मनातल्या मनात भराभर वाचला आणि त्याचा गोषवारा मराठीत सांगितला. जी मुलगी कन्नडमध्ये उत्तम ‘वाचन-लेखन’ प्रकारची आहे, ती मराठीत ‘श्राव्य’ कशी होईल? शैली ही माणसाची कायमची प्रकृती असती, तर लिपी बदलल्याबरोबर ती बदलली नसती. तिची मराठी आजवर फक्त कानातून आली होती, एवढाच याचा अर्थ होता. तिला वाचनाचा सराव हवा होता, आणि ‘मी श्राव्य आहे’ या वाक्याने तिला नेमक्या त्याच सरावापासून दूर ठेवले होते.

उपाय साधा होता. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन. वाचताना फोनवर ध्वनिमुद्रण. मग मजकूर डोळ्यांसमोर ठेवून स्वतःचेच वाचन ऐकणे आणि जिथे अडखळलो तिथे पेन्सिलीने खूण करणे. तिची ऐकण्याची सवय इथे उपयोगी पडली, आणि तंत्रज्ञानाची पार्श्वभूमीही. बी.एड.मध्ये शालेय आंतरवासिता २० आठवड्यांची असते. पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेत ही मुलगी मराठीचा पाठ न अडखळता वाचून दाखवू लागली. तिचे वाचन अजूनही कन्नडइतके वेगवान नाही. पण आता ती मुलांसमोर पुस्तक टाळत नाही.

दुसरे उदाहरण खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचे. तो स्वतःला ‘दृश्य’ म्हणवत असे, कारण चित्रफिती पाहून त्याला शिक्षणाचे मानसशास्त्र कळायचे आणि तासाला कळायचे नाही. त्याला खोदून विचारले तेव्हा त्याने सांगितले, ‘मॅडम, तिथे थांबवता येतं. मागे नेऊन परत ऐकता येतं.’ तास इंग्रजीत आणि कन्नडमध्ये चालायचे. त्याचा वेग त्याला झेपत नव्हता. त्याला चित्रांची ओढ नव्हती. थांबण्याची सोय हवी होती. ती सोय आदल्या दिवशी दिलेल्या मराठी-इंग्रजी-कन्नड शब्दयादीनेही झाली.

कळफलकाची चूक आणि विद्यार्थ्याची चूक

तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी माहीत असणे भाषाशिक्षकाला किती गरजेचे आहे, हे ‘ऱ्य’ या एका जोडाक्षरावरून दिसते. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला गुरूंसाठी, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. हस्तलिखितात हा भेद सहज होतो. टंकलेखनात मात्र ‘र’ला हलन्त जोडून ‘य’ दिला की बहुधा रफार होतो, आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होऊन बसते. यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या अनेक सोयींत ते कुठे आहे हे शोधावे लागते.

विद्यार्थ्याच्या टंकलिखित निबंधात ‘दुसर्या’ असे दिसले तर शिक्षक लाल खूण करतो आणि ‘शुद्धलेखन कच्चे’ असा शेरा देतो. त्याच विद्यार्थ्याला तो शब्द हाताने लिहायला सांगावा. हाताने बरोबर लिहिला तर चूक कळफलकाची. त्याला ‘ऱ’ कुठे मिळतो हे दाखवले की काम झाले. हातानेही चुकला तर चूक लेखनाची. तिथे नियम आणि सराव दोन्ही लागतील. या दोन चुका कागदावर सारख्याच दिसतात. पार्श्वभूमी विचारल्याशिवाय त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

इन्स्क्रिप्टचा आणखी एक गुण आपल्या भागासाठी फार मोलाचा आहे. भारतीय लिप्यांचा वर्णक्रम समान असल्यामुळे त्याची मांडणीही सर्व लिप्यांसाठी जवळजवळ एकच आहे. कन्नड ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर देवनागरी ‘क’. कन्नडमध्ये इन्स्क्रिप्ट शिकलेल्या विद्यार्थ्याला मराठीसाठी नव्याने बोटे वळवावी लागत नाहीत. कन्नड येणे ही त्याच्या मराठी टंकलेखनाची अडचण न राहता शिदोरी बनते. हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आवाजावरून टंकलेखनाचेही असेच. गूगलने २०१७ मध्ये मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत ही सोय दिली. वेगवान, सोपी आणि विद्यार्थ्यांची लाडकी. पण ‘काय करायलास?’ असे इथल्या वळणाचे मराठी बोलले की पडद्यावर काहीतरी भलतेच उमटण्याचा संभव असतो. विद्यार्थ्याला वाटते आपले मराठी अशुद्ध आहे. यंत्र कोणत्या बोलीच्या नमुन्यांवर घडले आहे आणि आपली बोली त्यांत किती आहे, हा विचार त्याला शिकवणे हेच माहिती तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन होय.

नोंद कशी घ्यावी?

मराठी अध्यापनपद्धतीच्या जुन्या पुस्तकांत पाठाची पहिली पायरी ‘पूर्वज्ञान’ ही असे. ती हर्बर्टच्या पंचपदीतून आली. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञानेही १९६८ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत मांडले: विद्यार्थ्याला आधी काय येते याचा त्याच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम होतो, ते शोधा आणि तिथून शिकवायला लागा. तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी हा पूर्वज्ञानाचाच भाग आहे. तेव्हा नोंदीतून ‘तुमची शैली कोणती?’ हा प्रश्न काढून टाकावा आणि खालील प्रश्न घालावेत.

१. शाळेत तुमचे माध्यम कोणते होते? मराठी वाचायला तुम्ही कोणाकडून, कोणत्या वयात शिकलात?

२. फोनवर तुम्ही मराठी कोणत्या लिपीत आणि कोणत्या कळफलकाने लिहिता? कन्नड आणि इंग्रजी?

३. एखादे यंत्र किंवा साधन तुम्ही कोणाच्याही मदतीशिवाय शिकलात का? ते कसे शिकलात, हे दहा ओळींत सांगा.

४. गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर मराठीत काय वाचले, काय ऐकले, काय लिहिले?

५. एखादी गोष्ट समजली नाही तर तुम्ही आधी काय करता? कोणत्या भाषेत शोधता?

६. घरात फोन किंवा संगणक किती जणांत मिळून आहे? अभ्यासासाठी तो केव्हा हाती येतो?

यांतला तिसरा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. शिवणयंत्र, ट्रॅक्टर, दुकानातला वजनकाटा, भजनी मंडळाचा ध्वनिवर्धक अशी उत्तरे त्यातून येतात. विद्यार्थी कसा शिकतो हे त्या दहा ओळींतून कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक नेमके कळते: तो आधी विचारतो की आधी करून पाहतो, चुकल्यावर काय करतो, शिकलेले दुसऱ्याला सांगतो का. ही शिकण्याची पद्धत बदलू शकते, वाढू शकते. म्हणून ती नोंदवताना ‘मी असा आहे’ असे न लिहिता ‘त्या वेळी मी असे केले’ असे लिहायला सांगावे.

नोंद मराठीतच लिहून घ्यावी. ज्याला देवनागरीत जड जाते त्याने सुरुवातीला रोमन किंवा कन्नड लिपीत मराठी लिहिले तरी चालेल. कन्नड लिपीत लिहिलेली मराठी नोंद वाचताना काही अक्षरांवर थबकावे लागते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे आहेत, मराठीत तो भेद नाही. विद्यार्थी कुठे कोणता वापरतो ते पाहण्याजोगे असते. वर्षअखेरीस तीच नोंद देवनागरीत पुन्हा लिहायला सांगावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की विद्यार्थ्यालाच आपली वाटचाल दिसते.

पुढचा वर्ग

बी.एड.चा विद्यार्थी दोन वर्षांनी शिक्षक होतो. त्याला स्वतःविषयी जे सांगितले गेले तेच तो आपल्या वर्गातल्या मुलांना सांगू लागतो. स्वतःवर ‘श्राव्य’चा शिक्का घेऊन बाहेर पडलेला शिक्षक पाचवीतल्या अडखळणाऱ्या मुलालाही सहज म्हणेल, ‘हा ऐकून शिकणारा आहे, याला वाचायला लावू नका.’ सीमाभागात मराठी शाळांतल्या मुलाला वाचनाची प्रत्येक संधी मोलाची आहे. ती संधी एका आकर्षक पण पोकळ शब्दामुळे जाता कामा नये. अडखळणाऱ्या मुलाला त्या शिक्षकाने एवढेच विचारावे, ‘घरी तुझ्याशी कोण मराठीत बोलतं? तू वाचायला कुठं शिकलास?’ आणि त्या उत्तरापासून त्याचे वाचन सुरू करावे.